शनिवारचा ताळा

ताई, तू मला फसवलंस. हे तुझ्या घरात बसून म्हणता आलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

कोपरला तुझ्या पुण्यानुमोदनाला, तू गेल्यानंतरच्या रविवारी, मी आलेले. माझ्याकडे पांढरी साडी नव्हती, शेजारणीची नेसून आले आणि दाराजवळ, चपलांच्या बाजूला बसले. भंतेजींची वंदना चाललेली. तुझा जो फोटो ठेवलेला तो मला आवडला नाही. त्यात तू चष्मा काढलेला आहेस, आणि चष्म्याशिवाय तू कुणाकडे बघते आहेस असं वाटतच नाही. कार्यक्रम संपल्यावर तुझी प्रज्ञा माझ्याजवळ आली. म्हणाली, "तूच शालू ना? आई सारखी सांगायची. सगळे लोड शालूच चालवते, मी नुसती बघते, असं म्हणायची."

मी तिचा हात धरून रडले. तिला वाटलं, तुझ्यासाठी रडते आहे. तुझ्यासाठी रडतच होते. पण त्याच्या दोन दिवस आधी मला कळलेलं की हे वाक्य तू तुझ्या स्वयंपाकघरात बोललीस, आणि जिथे बोलायला पाहिजे होतं तिथे चार वर्षांत एकदाही बोलली नाहीस.

राग आला की मला आधी हातपाय गार पडल्यासारखं होतं, तुला माहीत आहे. तसंच झालेलं. म्हणून म्हटलं, आधी सगळं नीट आठवून बघू. माझ्याकडूनच काही ऐकायचं राहून गेलं असेल. मला नेहमी तसंच वाटतं, की चूक माझीच असणार.

मी ठाण्याच्या त्या ऑफिसात आले तेव्हा मला फक्त टायपिंग येत होतं. आधीची दोन वर्षं डोंबिवलीच्या एमआयडीसीत पावडरचे डबे भरलेले. तो वास अंगातून जाईना म्हणून संध्याकाळी टायपिंगचा क्लास लावला. राहायला टिटवाळ्याला, मावसबहिणीकडे. गाव पार तिकडे, धानाच्या पट्ट्यात, जिथून इथे यायला एक अख्खा दिवस आणि वर थोडा लागतो. आठवीपर्यंतची शाळा गावात होती. नववीची नदीपलीकडे. पाठची दोन भावंडं लहान, आई दुसऱ्याच्या शेतात. मी नदी ओलांडली नाही, एवढीच माझी शिक्षणाची गोष्ट.

ऑफिसात रक्त तपासणीच्या सेंटरांचे कागदी फॉर्म यायचे, ते मी संगणकात भरायचे. तू पलीकडच्या खिडकीपाशी बसायचीस. पहिले सहा महिने मी तुला मॅडम म्हटलं आणि तू मला काहीच म्हटलं नाहीस. मग एके दिवशी तू विचारलंस, फॉर्म झाले का, आणि माझ्या तोंडून गावचं निघून गेलं, "करून राहिली." सगळे हसले. तू हसली नाहीस. "करून राहिलीस ना? मग झालं की माझ्याकडे ये," म्हणालीस. "आणि मॅडम नको. ताई म्हण. अहोजाहो पण नको, मला म्हातारं वाटतं."

त्या दिवसापासून तू मला शिकवायला लागलीस. कुणी सांगितलेलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

मला तुझं ते पहिलं समजावणं जसंच्या तसं आठवतं, कारण ते मी पुढे टिटवाळ्याच्या घरी भिंतीकडे तोंड करून स्वतःला कितीदा तरी म्हणून दाखवलं. सेंटरांचं जे ऑनलाइन अ‍ॅप आहे ते काउंटर समज, तू म्हणालीस. बुकिंग होतंय, कुणी तारीख बदलतंय, कुणी रद्द करतंय, तिथे सगळी घाई. काउंटरवरच्या माणसाला गेल्या वर्षीचं विचारत बसायचं नाही. म्हणून रोज पहाटे तिथलं नवीन आपल्या गोदामात आणून ठेवायचं, यालाच लोड म्हणायचं, आणि ज्याला काय विचारायचं आहे त्याने गोदामाला विचारावं. सगळे त्याला वेअरहाऊस म्हणत. तू गोदामच म्हणायचीस. आणि आणायचं कसं, तर ड्रायव्हर नावाचा एक छोटा प्रोग्राम मधे बसवायचा. अ‍ॅपच्या पोटात काय कसं ठेवलंय ते आपल्याला कळत नाही. ड्रायव्हर ते ओळी आणि रकान्यांत मांडून दाखवतो. आपण आपल्या भाषेत प्रश्न टाकायचा, तो तिकडच्या भाषेत विचारून उत्तर घेऊन येतो.

"म्हणजे दुभाष्या," मी म्हटलं.

"हां. पण त्याला दिवसाला ठरावीक वेळाच आत सोडतात. उगाच येरझाऱ्या घालायला लावल्यास तर दारातच अडवतील."

आणि मी नेमकं तेच केलं. तू मला पहिल्यांदा एकटीने लोड करायला दिलंस, आणि मी 'कालपासून बदललेलं तेवढंच' मागायच्या ऐवजी सगळंच्या सगळं मागितलं. सगळ्या वर्षांचं, सगळ्या सेंटरांचं. अकरा वाजेपर्यंत दिवसाचा कोटा संपला. अ‍ॅपने सगळ्यांनाच दार लावलं. सेंटरांतून लोकांच्या मोबाइलवर रिपोर्टचे मेसेज जाईनात, आणि आमच्या ऑफिसच्या नाईकसरांचा फोन वाजायला लागला. मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. पर्समध्ये किती कपडे बसतील असला विचार करत होते, आजच गावाला निघायचं म्हणून. बाहेर आले तेव्हा तू सरांच्या टेबलासमोर उभी होतीस. "माझ्याकडून झालं सर. अट टाकायची राहिली," म्हणत होतीस. सर तुला चार माणसांत बोलले. तू ऐकून घेतलंस, जागेवर आलीस, चष्मा पुसलास, आणि मला म्हणालीस, "चल, आता अट कशी टाकायची ते बघ."

त्या दिवशी मी तुझ्या पाया पडायला वाकले आणि तू माझा खांदा धरून मला उभी केलीस. आमच्यात असलं चालत नाही, म्हणालीस.

ताई, हे मी कुणाकुणाला सांगितलं असेल. माझ्या चुकीवर तुझं नाव लागलं ही माझ्या इथल्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट होती. तुझं ते नाव पुढे माझ्या कामावरही लागत गेलं, हे मात्र मला कळलंच नाही.

त्यानंतर हळूहळू सगळे लोड माझ्याकडे आले. ठाण्याचे, कल्याणचे, डोंबिवलीचे, टिटवाळ्याचे. सकाळी नऊला येऊन मी बघायचे, पहाटेचा लोड नीट उतरला का, ओळी किती आल्या, कुठे अडलं. अडलं की सोडवायचे. तू खिडकीपाशी तुझी दुसरी कामं करायचीस. मी एकदा विचारलेलं, ताई, सरांना माहीत आहे ना, हे मी करते ते? तेव्हा तू की-बोर्डवरून नजर न काढता म्हणालीस, "सांगितलंय मी त्यांना."

सांगितलंय. एवढा एक शब्द. मी चार वर्षं त्याच्यावर झोपले.

आणि शनिवार. शनिवारचं काम तू मला सगळ्यात शेवटी शिकवलंस आणि सगळ्यात कडक शिकवलंस. रोजच्या लोडमध्ये आपण काय मागतो, तर कालपासून जे नवीन आलं आणि जे बदललं ते. पण एखादी ओळ अ‍ॅपमधून काढूनच टाकली तर? ती नवीन नाही, बदललेली नाही. ती तिथे नाहीच, मग ड्रायव्हर आणणार काय? गोदामात मात्र ती तशीच पडून राहते, जिवंत असल्यासारखी. "जोडलेलं कळतं, बदललेलं कळतं. काढलेलं कळत नाही," तू म्हणालीस. म्हणून दर शनिवारी तिकडचे सगळे नंबर आणि इकडचे सगळे नंबर समोरासमोर लावायचे, आणि इकडे आहेत पण तिकडे नाहीत असे शोधून गोदामातून काढायचे. इतर लोक त्याला मॅचिंग म्हणतील. तू ताळा म्हणायचीस. शनिवारचा ताळा.

मी म्हटलं, दर आठवड्याला कशाला, पडून राहिल्या चार ओळी तर काय बिघडतं. तेव्हा तू मला सांगितलंस. तपासणीची आठवण करून देणारे फोन गोदामातल्या यादीवरून जातात. एकदा, मी यायच्या आधी, ताळा राहून गेलेला. एक आजोबा वारलेले, मुलाने सेंटरला कळवलेलं, सेंटरने त्यांचं बुकिंग काढून टाकलेलं. आणि सोमवारी सकाळी त्या घरी फोन गेला, उद्या आजोबांनी उपाशीपोटी तयार राहावं म्हणून. "त्या मुलाने कुणाला शिव्या दिल्या नाहीत," तू म्हणालीस. "नुसतं बरं म्हणाला आणि ठेवला. त्याचंच मला जास्त लागलं."

हे काम कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. तुझ्या आणि माझ्या सवयीत होतं. शनिवारी ताळा, मग डबा. तू कोपरच्या कोळणीकडून घेतलेला जवळा परतून आणायचीस, माझ्यासाठी जास्त तिखट. आमच्याकडे नदीतली बारीक मासळी अशीच करतात, हे मी एकदा बोलून गेलेले आणि तू लक्षात ठेवलेलंस.

डबा खाताना आपलं भांडण ठरलेलं. सतरा नंबरचा फॉर्म. दहावीला बाहेरून बसायचा. दर वर्षी फॉर्म निघाले की तू चालू व्हायचीस. शालू, भर. शालू, गणिताचं मी बघते. शालू, तुझ्यापेक्षा मोठ्या बायका बसतात. मी दर वर्षी काहीतरी सांगायचे. मावसबहिणीचं बाळंतपण, भावाचं लग्न, दाखला गावाला आहे. खरं कारण तुला माहीत होतं. त्या हॉलमध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या पोरींच्या मधे बसायचं, आणि नापास झाले तर, हे. गेल्या वर्षी तू चिडलीस. "भीतीचं देवघर करून ठेवलंयस तू. रोज दिवा लावतेस." मी पण चिडले. म्हटलं, "तुमच्या घरात शिक्षण म्हणजे सगळं. आमच्या घरात नाही. काम येतंय ना मला? मग कागद कशाला पाहिजे?"

तू काहीतरी बोलणार होतीस. तोंड उघडलंस. मग डब्याचं झाकण लावलंस.

ताई, तेव्हा बोलायचं होतंस.

तू रविवारी गेलीस. सोमवारी मी आले तेव्हा तुझ्या खुर्चीवर तुझी शाल होती, एसीसाठी ठेवलेली. मी लोड बघितले. सगळे उतरलेले. मला वाईट वाटलं की सगळे उतरलेले. मंगळवारी सरांनी सेंटरवाल्यांना कळवलं, तिकडच्यांनी नियमाप्रमाणे तुझं लॉगिन काढून टाकलं, आणि बुधवारी पहाटे एकही लोड उतरला नाही. कारण सगळे ड्रायव्हर तुझ्या नावाच्या किल्लीने आत जात होते. हे मला माहीत होतं. मला वाटायचं, ती फक्त किल्ली आहे.

गुरुवारी सरांनी विनीतला आणलं. कल्याणचा मुलगा, डिग्रीवाला, बोलायला चांगला. मी माझ्या जागेवर बसून वाट बघत होते, सर मला कधी बोलावतात. नाही बोलावलं. मी म्हटलं, दुःखात आहेत, सुचलं नसेल. शुक्रवारी सकाळी विनीतला स्वतःच्या नावाची किल्ली मिळाली आणि त्याने पहिली गोष्ट काय केली सांगू? सगळंच्या सगळं मागितलं. अकरा वाजता दार बंद, मेसेज बंद, सरांचा फोन चालू. माझीच चूक, ओळीला ओळ. मला हसू आलं आणि मग एकदम तुझी इतकी आठवण आली की मी उठून सरांच्या टेबलापाशी गेले. मी आपणहून तिथे कधी गेलेली नव्हते.

"सर, पूर्ण नको मागायला. बदललेलं तेवढंच घ्यायचं. नाहीतर कोटा संपतो."

"तुला गं काय माहीत?"

"मीच करते सर. चार वर्षं."

"काय करतेस?"

"लोड."

सर हसले. वाईट हसले नाहीत, माझी कीव आल्यासारखे हसले. "अगं, ते सुनंदा मॅडम करायच्या. तू मदत करायचीस, बघितलंय ना मी."

"त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. माझ्याबद्दल."

"काय सांगितलेलं?"

मी म्हटलं, काही नाही.

जागेवर आले. विनीत शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "शालिनीताई, ती बदललेल्याची अट कुठे टाकायची, दाखवता का?" त्या ऑफिसात मला ताई म्हणणारा तो पहिला. मी दाखवलं. त्याला एकेक फाइल उघडायला लावली. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर एक ओळ असते, हे काम कुणाचं म्हणून. सगळ्यांवर तुझं नाव. ठाणे, सुनंदा. कल्याण, सुनंदा. मी बनवलेली टिटवाळ्याची फाइल, जिच्यावर मी तीन आठवडे घासलेले, सुनंदा. मी म्हटलं, असेल, तिचं लॉगिन म्हणून आपोआप येत असेल. विनीत म्हणाला, आपोआप नाही येत, हाताने लिहावं लागतं. आणि त्याने मला जुने बदल उघडून दाखवले. कुणी काय कधी लिहिलं आणि कधी खोडलं, ते सगळं तिथे राहतं. मला हे माहीतच नव्हतं, ताई. एवढं सगळं शिकवलंस, हे नाही शिकवलंस.

टिटवाळ्याच्या फाइलवर सकाळी साडेदहाला तू लिहिलेलंस, शालिनी. त्याच दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ते खोडून तू लिहिलंस, सुनंदा. मग बाकीच्या फाइली. एकेक करून, मिनिटा-मिनिटाने. सगळीकडे मी होते. सगळीकडून तू मला काढलंस.

तू नुसतं माझं नाव लिहिलंच नसतंस तर मी समजले असते. विसरली, म्हटलं असतं. पण लिहिलेलं होतंस.

मी तारीख बघितली आणि मला तो दिवस आठवला. त्या दिवशी जवळ्याचा अख्खा डबा तू मला दिलास, भूक नाही म्हणालीस. मी पोळीने डबा पुसून खाल्ला आणि तुला म्हटलं, रोज भूक नसू दे तुला. तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. त्यानंतर जागेवर जाऊन तू ते केलंस. माझ्यापासून तीन खुर्च्यांवर.

घरी पोचल्यावर मी मावसबहिणीला सांगितलं. ती म्हणाली, असंच असतं गं, मोठी माणसं काम खालच्याकडून करून घेतात आणि नाव स्वतःचं लावतात. आमच्या कंपनीत पण तसंच. मी तिच्यावर ओरडले, ताई तशी नव्हती म्हणून. आणि ओरडताना मला वाटत होतं, तशीच होती.

त्या शनिवारी ताळा झाला नाही. विनीतला माहीत नव्हतं आणि मी बोलले नाही. खरं सांगते, मुद्दाम बोलले नाही. तुझं काम आहे ना, तुझ्या नावाचं, मग तूच ये करायला, असं मनात म्हटलं. रविवारी तुझ्या घरी येऊन प्रज्ञाचं ते बोलणं ऐकलं तेव्हाही मला वाटलं, हिला फाइली दाखवाव्यात.

मंगळवारी सेंटरवाल्यांचा फोन आला. टिटवाळ्याच्या एका बाईंनी तक्रार केलेली. त्यांच्या सासूबाई आदल्या आठवड्यात गेल्या, बुकिंग काढलेलं, तरी घरी फोन गेला. उद्या सकाळी सात वाजता, काही खाऊ नका. सर सगळ्यांना विचारत होते, हे कसं झालं. विनीत सगळे लोड तपासून म्हणाला, लोड बरोबर आहेत. आणि ते बरोबरच होते.

ताई, तो फोन मी पाठवला. तुझ्यावर रुसून मी गप्प बसले आणि कुणाच्या तरी घरी तो फोन गेला. टिटवाळ्याला, मी राहते त्याच गावात. कदाचित आमच्याच रस्त्यावर.

मी उठले आणि सरांना ताळ्याचं सांगितलं. या वेळी ते हसले नाहीत. दार लावून बसायला सांगितलं आणि मग त्यांनी मला ते सांगितलं जे तू सांगायला पाहिजे होतंस. सेंटरवाल्यांचं पत्र आलेलं, तीन वर्षांपूर्वी. पेशंटच्या माहितीला हात लावणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि शिक्षण द्या. किमान दहावी पास. सरांनी ते पत्र तुझ्याकडे दिलं आणि तू दुपारी यादी परत दिलीस. एकच नाव. तुझं.

मी विचारलं, पत्र कोणत्या दिवशी आलं. सरांनी शोधून काढलं. जवळ्याचा दिवस.

म्हणजे तू मला वाचवलंस. हे मला लगेच कळलं, मी तेवढी अडाणी नाही. माझं नाव दिलं असतंस तर त्याच संध्याकाळी मी परत कागदी फॉर्मवर, नाहीतर एमआयडीसीत. तू मला लपवलंस आणि काम माझ्याकडे ठेवलंस, आणि दर वर्षी फॉर्म भर, फॉर्म भर करत राहिलीस. दहावी झाली की यादीत नाव घालायचं, असं मनात धरून. मी तुला म्हटलं, कागद कशाला पाहिजे, तेव्हा तोंड उघडून तू हेच बोलणार होतीस.

मग बोलली का नाहीस गं?

मी घाबरून पळून गेले असते म्हणून? गेलेही असते. मला मी माहीत आहे. पण तो पळ माझा होता ना. मी पळते की बसते, हे तू माझ्या वतीने ठरवून टाकलंस. मला वाटायचं, तू परीक्षेचं बोलतेस ते तुमच्या घरात सगळे शिकलेले म्हणून, तुला माझी लाज वाटते म्हणून. एकदा सरळ सांगायचं होतंस, शालू, तुझं नाव या एका कागदावर अडलंय. मी थरथरत का होईना, बसले असते. तीन वेळा बसून तीन वेळा नापास झाले असते आणि चौथ्यांदा झाले असते पास. तू माझ्यावर एवढी मेहनत घेतलीस, पण एवढा भरवसा नाही ठेवलास.

तुझी बाजू मी रोज मांडते आणि रोज हरते. कधी वाटतं, तुझं नाव चाळीस फाइलींवर बघायला तुलाही थोडं बरं वाटत असेल. कधी वाटतं, असा विचार करणारीच्या तोंडात मारली पाहिजे. तू असतीस तर भांडून मोकळी झाले असते. आता दोन्हीकडून मलाच बोलावं लागतं.

सरांनी सेंटरच्या मुख्य ऑफिसातल्या बाईंना फोन लावला, माझ्यासमोर, स्पीकरवर. म्हणाले, हे काम आमच्या एका मुलीलाच येतं. त्या बाईंनी विचारलं, शिक्षण? सरांनी माझ्याकडे बघितलं. ते काहीतरी गोल बोलणार होते, मला दिसलं.

"आठवी," मी म्हटलं. मोठ्याने.

मग त्या म्हणाल्या, नियम मी बदलू शकत नाही, पण त्यांनी सांगावं आणि यादीतल्या माणसाने करावं, त्याला माझी हरकत नाही. तेव्हापासून मी विनीतच्या शेजारी खुर्ची घेऊन बसते. हात मांडीवर. तो करतो, मी सांगते. तुझ्याजवळ सुरुवातीला बसायचे तशीच.

दाखल्यासाठी भावाला शाळेत पाठवलं. त्याने आधी फोटो पाठवला. त्यात एक रकाना आहे, शाळा सोडण्याचे कारण. त्यापुढे गुरुजींनी लिहिलंय, पालकांच्या विनंतीवरून. माझ्या आईने असली काही विनंती केलेली नव्हती. मला कुणी विचारलंही नव्हतं. मी तो फोटो बराच वेळ मोठा करून बघत बसले. माझ्याबद्दलची कारणं नेहमी दुसरंच कुणीतरी लिहितं. मूळ दाखला काल आला. फॉर्म भरायला घेतलाय. गणिताचं विनीत बघतो म्हणाला, मी म्हटलं, बघू.

आता जे सांगायला बसले ते सांगते.

गेल्या शनिवारी विनीतला मी ताळा शिकवला. तुझे शब्द वापरून शिकवला, जोडलेलं, बदललेलं, काढलेलं. यादी आली. इकडे आहेत आणि तिकडे नाहीत अशा ओळी. रद्द झालेली बुकिंग, दोनदा नोंदलेली नावं, आणि ज्यांच्या घरी आता फोन जायला नको अशी काही माणसं. सगळ्यात खाली, अ‍ॅप वापरणाऱ्यांच्या तक्त्यातली एक ओळ. सुनंदा. तिकडे काढलेली. इकडे अजून चालू.

विनीतने माझ्याकडे बघितलं. "हीसुद्धा?"

मी म्हटलं, राहू दे ही.

त्याने बाकीच्या काढल्या. त्यामुळे गेले सात दिवस तू गोदामात आहेस. कुणी विचारलं, अ‍ॅपवर माणसं किती, तर उत्तर एकाने जास्त येतं. कुणाच्या लक्षात येणार नाही. तुझ्या आलं असतं.

आज शनिवार आहे. विनीत खाली चहाला गेलाय, आल्यावर ताळा लावू. तू परत शेवटच्या ओळीत येशील. तो परत माझ्याकडे बघेल. आज मी काढ म्हणणार आहे, ताई. चुकीचा आकडा ठेवायला तू मला शिकवलेलं नाहीस, आणि माझ्या रागापायी एकदा एका घरी फोन गेलाय, तेवढा पुरे.

फक्त तू काढलंस तसं नाही. खिडकीतून बाहेर बघत नाही. आधी तुला सांगितलं. आता काढते.